पाठीवरची साय

पहिलटकरणीला सातव्यात माहेरी पाठवतात. डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते, माहेरची गाडी येते आणि सासूबाई दारात उभ्या राहून डोळे पुसतात. आमच्या जयसिंगपुरात तरी हे असंच चालतं, आणि तेही गल्लीतल्या शंभर डोळ्यांसमोर. म्हणून त्या दुपारी उसाची मोजणी आटपून मी घरी आले आणि तेजलची बॅग दारात दिसली, तेव्हा चक्रावलेच. तिचा पाचवा अजून सरला नव्हता.

"निपाणीला चाललीय," आई म्हणाली. "तिच्या आईचा गुडघा धरलाय."

"मग हिनं जाऊन काय करायचं? ह्या अवस्थेत गुडघे चोळायचे?"

"तुला सगळ्यात नाक खुपसायला पाहिजेच काय गं?"

तेजल म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, वर्धमानची बायको. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा बंद होत नाही. त्या दिवशी गाडीत बसताना तिनं माझा हात घट्ट धरला आणि काहीच न बोलता सोडला. गाडी वळली, आई आत गेली आणि मोरीतला नळ सोडून बसली. आमच्या घरात रडायचं असलं की नळ सोडतात.

मी सन्मती मगदूम. साखर कारखान्यासाठी उसाच्या फडांवर ड्रोन उडवते. कुठला फड पिकला, साखर किती उतरेल, तोड आधी कुणाला द्यायची हे बांधावर बसून सांगते. त्यामुळे अर्धा तालुका मला ताई म्हणतो आणि उरलेला अर्धा मनातल्या मनात शिव्या घालतो. माझ्या पायांत गुडघ्याखाली जोर नाही. दोन्ही पायांना आधाराचे कॅलिपर आहेत, हातात कुबडी आहे. जन्मले तेव्हा पाठीचा खालचा भाग उघडा होता, त्याला स्पायना बायफिडा म्हणतात, आणि दुसऱ्याच दिवशी मिरजेला नेऊन तो शिवला. हे सगळं मी नव्या माणसाला एका दमात सांगून टाकते, म्हणजे चेहरा कसा करावा हे ठरवायला त्याला सवड मिळत नाही.

वर्धमानचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी तडक तिथं गेले. तो बेअरिंगचे डबे उगाच इकडचे तिकडे करत होता.

"वर्ध्या, सोनोग्राफीत काय निघालं?"

"काय निघतंय? बरं आहे की सगळं."

"माझ्याकडं बघून सांग."

त्यानं बघितलं, आणि चौतीस वर्षांच्या माझ्यासमोर तो एकतीस वर्षांचा गडी लहान पोरासारखा रडायला लागला.

"तुझ्यासारखंच आहे, ताई."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पंधरा दिवसांपूर्वी तपासणी झाली होती. मिरजेच्या गर्भशल्य केंद्रानं सांगितलं होतं की मूल पोटात असतानाच पाठ बंद करता येईल. त्यासाठी लागणारं गर्भजल लगेच काढून घेतलं होतं. मूल ठेवायचं की नाही हा प्रश्न तेजलनं पहिल्याच दिवशी निकालात काढला होता. मूल ठेवायचं. पण ऑपरेशनला मात्र ती नाही म्हणत होती. सव्विसावा आठवडा लागला की दार बंद. घरात रोज रात्री कुजबुज चालायची, आणि ती कुजबुज मला ऐकू येऊ नये म्हणून तेजललाच निपाणीला हलवलं होतं. तिथं तिच्या आईवडिलांनी तिला समजवावं, असा बेत होता.

"मला सांगायचं नाही, हे कुणाचं डोकं?"

"सगळ्यांचंच. आईअप्पांचं, माझं. तुझ्यासमोर बसून कसं बोलायचं ताई? बाळाला हे नको म्हणायचं, म्हणजे..."

"म्हणजे सन्मती नको."

"गप गं," तो म्हणाला आणि पुन्हा डबे हलवायला लागला.

मला भयंकर राग आला. मला जपता जपता ही माणसं त्या बाळाचे दिवस खर्ची घालत होती. आपल्याकडे आजाऱ्यापासून आजार लपवतात हे ठाऊक होतं, पण इथं तर एकाचा आजार दुसऱ्यापासून लपवत होते.

आता हे उघडं राहणं म्हणजे काय, ते सांगते. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतो, आईला दिवस गेल्याचा पत्ताही धड नसतो, तेव्हा त्याच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते. ती दोन्ही कडांनी वर उचलली जाते, कडा एकमेकींना भेटतात आणि जुळून नळी होते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. करंजी दुमडून कड दाबतात तसंच. एखाद्या ठिकाणी कड सुटली तर तिथल्या नसा उघड्या राहतात. फोलिक अॅसिडच्या गोळ्यांनी ही शक्यता पुष्कळ कमी होते, नाहीशी होत नाही. आमच्या घरातला इतिहास म्हणून तेजलनं तर जास्तीच्या गोळ्या घेतल्या होत्या.

पण खरं नुकसान त्या पहिल्या चुकीनं होत नाही. ते पुढं महिनोन्‌महिने होत राहतं. उघड्या नसा गर्भजलात भिजतात, गर्भाशयाच्या भिंतीला घासतात आणि एकेक करून मरतात. पाठीतून पाणी झिरपतं म्हणून मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जातो आणि डोक्यात पाणी साठू लागतं. माझ्यासारख्यांची पाठ जन्मानंतर शिवायचे, तेव्हा भोक बुजायचं, पण मेलेल्या नसा परत येत नसत. पुढं पोटातच ऑपरेशन करू लागले. आधी गर्भाशय उघडून, मग दुर्बिणीतून. आणि आता मिरजेत चार वर्षं झाली, नवी पद्धत आली आहे. गर्भजलात बाळाच्याच पेशी तरंगत असतात. त्या वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवतात आणि तीनेक आठवड्यांत त्यांचा एक पातळ, जिवंत पापुद्रा तयार होतो. केंद्रातल्या नर्स त्याला साय म्हणतात, कारण तो दिसतोच तसा. आईच्या पोटाला दोन बारीक भोकं पाडून केसाएवढ्या यंत्रहातांनी ही साय बाळाच्या पाठीवर बसवायची. ती नसांना पोसते आणि बाळाबरोबर वाढते. मात्र तयार झाल्यावर ती चार-पाच दिवसच टिकते, आणि पुन्हा वाढवायला वेळ उरलेला नसतो.

मिरजेला स्पायना बायफिडावाल्यांची ओपीडी महिन्यातून एकदा भरते. मी लहान होते तेव्हा बाकांवर जागा मिळायची नाही. आता आम्ही सात-आठ जण असतो, आणि आमच्यातला सगळ्यात धाकटा मिसरूड फुटलेला. नवीन कुणी येतच नाही. येऊ नये हेच चांगलं, हे मला कळतं. तरी ती रिकामी बाकं बघवत नाहीत, हेही खरं आहे. निपाणीच्या रस्त्यावर गाडी हाणताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. माझी गाडी हातानं चालवायची आहे, वेग आणि ब्रेक दोन्ही मुठीत.

तेजलचे वडील तंबाखूचे व्यापारी. तिच्या आईनं दारातच माझं स्वागत केलं आणि त्यांचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. चहा, चकली, लाडू, सगळं पुढं आलं, विषय तेवढा आला नाही. शेवटी मीच म्हटलं, "मावशी, मला कळलंय. आम्ही दोघी जरा बोलतो."

माडीवर जिना होता. मी बसून बसून, हातांवर अंग उचलत चढले. तेजल वर खिडकीशी बसली होती.

"तुम्हीपण समजवायलाच आला असाल," ती म्हणाली.

"मी भांडायला आलेय. मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला काय सांगू ताई? तुमच्याच जिवावर तर मी नाही म्हणाले." ती उठून माझ्यासमोर येऊन बसली. "सगळे म्हणतात, दुरुस्त करून घे. दुरुस्त! पंप आहे काय तो? मी म्हटलं, घरात ताई आहेत की. त्यांचं काय अडलंय? गाडी चालवतात, ड्रोन उडवतात, अख्ख्या कारखान्याला धाकात ठेवतात. बाळ तुमच्यासारखं झालं तर मला चालतंय. आणि तिकडं पोटाला भोकं पाडायची, त्यात कळा सुरू झाल्या तर बाळच हातचं जायचं. मला काही झालं तर ते वेगळंच. कशासाठी?"

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. त्याच पावली उठून घरी जावं आणि आईला सांगावं, बघ, तुझ्या सुनेला माझ्यासारखी पोर चालते, असं वाटलं.

पण ती म्हणत होती ती सन्मती मीच तिला दाखवलेली होती. कॅलिपरवर विनोद करणारी, कुणी हात पुढं केला तर त्याच्याच हातात पिशवी देणारी. खोटी नव्हे ती, पण पुरीही नव्हे. आणि अर्धी सन्मती बघून ही पोर अख्खा निर्णय घेत होती.

"दार लाव," मी म्हटलं.

मी पर्समधून माझी नळी काढली आणि पलंगावर ठेवली. "ही काय आहे माहितीय? मला लघवी लागलेली कळत नाही. दर तीन-चार तासांनी ही घालून काढावी लागते. फडात असले तर गाडीचे पडदे ओढून. चुकलं तर मूत्रपिंडाला त्रास, ताप, दवाखाना. गेल्या दिवाळीत मी मैत्रिणीकडं गेले नव्हते, मिरजेत सलाईन लावून पडले होते."

तेजल जवळ सरकली.

"आता हात दे." तिचं बोट धरून मी माझ्या कानामागं टेकवलं आणि गळ्यावरून खाली फिरवलं. "लागतेय नळी? डोक्यातलं पाणी पोटात सोडते. चार वेळा बदललीय. कॉलेजात परीक्षेच्या आदल्या दिवशी बंद पडली, तेव्हा डोकं फुटेल असं वाटत होतं आणि मी अप्पांना ओळखत नव्हते." मग मी डाव्या पायाचा मोजा उतरवला. टाचेवर भाजल्याचा जुना डाग आहे, चांगला रुपयाएवढा. "तापलेल्या फरशीवर पाय होता. मला वास आला तेव्हा कळलं."

ती रडत होती. मला रडणं नको होतं.

"ए, डोळे पूस. कीव करायला नाही दाखवलं हे."

"मग तुम्ही खूश असता ते काय? नाटक?"

"नाटक कशाला असेल? मला माझं आयुष्य आवडतं. ही नळी आवडत नाही. दोन्ही खरं आहे, आणि तू एकच ऐकून ठरवत होतीस."

तिनं नाक ओढलं. खाली तिच्या आईनं भांडं पाडल्याचा आवाज झाला, म्हणजे जिन्यात कान लागलेले होते.

"ताई, तुमच्या वेळी हे असतं आणि तुम्हाला कुणी विचारलं असतं तर?"

मिरजेची ती बाकं डोळ्यांसमोर आली. मग मी म्हटलं, "घेतलं असतं. पाय नसते आले तरी चाललं असतं. नुसतं डोक्यातलं पाणी वाचलं असतं ना, तेवढ्यासाठीही घेतलं असतं. पण मी पोटातलं बाळ होते, तू आई आहेस. पोट तुझं, जोखीम तुझी. सगळं कळून तू नाही म्हणालीस, तर आईशी, अप्पांशी, त्या वर्ध्याशी मी भांडेन. तुझ्या वाट्याला कुणाचा शब्द येऊ देणार नाही. शब्द देते."

तेजल माझ्या टाचेकडं बघत होती. मग तिनंच मोजा उचलला आणि माझ्या पायात चढवला.

"साय कधी तयार होणार आहे?" तिनं विचारलं.

---

ऑपरेशनच्या वेळी आई जागी असते, फक्त कमरेखाली बधिर करतात. म्हणून जवळचं एक माणूस आत बसू देतात. वर्धमानला इंजेक्शनची सुई बघूनही चक्कर येते, तेव्हा मी बसले. कॅलिपरवर हिरव्या पिशव्या चढवल्या होत्या. डॉक्टर बारगीर टेबलापासून दूर, यंत्राच्या खुर्चीत बसल्या होत्या. बाई मिरजेच्याच, बोलायला मऊ, पण त्यांच्यासमोर चुकीला माफी नाही.

समोरच्या मोठ्या पडद्यावर बाळ दिसायला लागलं. पाठ, बरगड्यांच्या बारीक रेघा, आणि कमरेशी ती उघडी जागा. लालसर, ओलसर, आत पांढरे धागे. चौतीस वर्षं मी माझ्या पाठीवरच्या वणावर हात फिरवत आले होते, पण ती जागा शिवण्याआधी कशी होती ते मला आज दिसत होतं. मी एकदाच मान फिरवली आणि परत बघायला लागले.

तेवढ्यात बाळानं लाथ मारली. दोन्ही पाय, घोट्यापासून, चांगले जोरात.

"हलताहेत!" मी ओरडलेच.

"आता हलतात," डॉक्टर बारगीर म्हणाल्या. "उघड्या नसा मरत गेल्या की पुढे थांबतात. म्हणूनच आपण इथं आहोत."

"म्हणजे माझेसुद्धा..."

"बहुतेक हो, सन्मती. कधीतरी तुमचेही हलत असणार."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईच्या पोटात मी लाथा मारल्या होत्या. आईला ते ठाऊक असणार, आणि एवढी वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं असेल? मला तिथं रडायला नळही नव्हता.

बाळाला झोपेचं इंजेक्शन दिलं. पाय थांबले. यंत्रहातांनी धागे अलगद आत सरकवले, आवरण ओढलं. उबदार तबकातून साय उचलून आत नेली, आणि तिची पहिली कड टाचली न टाचली तोच पडद्यावरचं सगळं चित्र हललं. तेजलचं पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. यंत्रहात आपोआप थिजले.

"कळ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "औषध वाढवा. सगळे थांबा."

आम्ही थांबलो. पडद्यावर सायीची मोकळी कड हळूहळू मुडपायला लागली. कळ ओसरली, आणि लगेच दुसरी आली.

डॉक्टर बारगीर खुर्चीतून उठून तेजलच्या डोक्याशी आल्या. "तेजल, ऐक. आता इथंच थांबवून यंत्र बाहेर काढलं तर तुझं पोट शांत होण्याची शक्यता जास्त आहे. पण ही साय वाया जाईल, दुसरी नाही. पुढं गेले तर मला थोडा वेळ लागेल, आणि त्यात कळा वाढल्या तर बाळ आज जन्मेल. इतकं लहान बाळ वाचवणं फार कठीण आहे. सुरुवात केली तेव्हा तू हो म्हणाली होतीस. आता परत विचारतेय."

तेजलनं माझ्याकडं बघितलं. माझ्या जिभेवर शब्द होता. कुठला, ते मी आजही सांगणार नाही. मी तो गिळला.

"ताई, हात सोडू नका," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडं वळून, "मॅडम, माझं पोट मी बघते. तुम्ही पाठ बघा."

आणि तिनं डोळे मिटून श्वास घ्यायला सुरुवात केली. लांब, सावकाश, मोजूनमापून. तिची बोटं माझ्या हातात रुतत होती. कळा थांबल्या त्या औषधानं, असं डॉक्टर म्हणतात, आणि त्यांचंच खरं असणार. पण त्या पोरीनं त्या टेबलावर जो हट्ट धरला होता तो मी बघितलाय. कड सरळ झाली. टाके पडत गेले, एकेक, राईच्या दाण्याएवढे. शेवटचा पडला तेव्हा पडद्यावर उघडं काही राहिलं नव्हतं.

---

पुढचे तीन महिने तेजलला केंद्रापासून लांब जायची परवानगी नव्हती. त्यामुळे ती माहेरीही नव्हती आणि सासरीही नव्हती. मिरजेत दोन खोल्या घेतल्या आणि तिथं दोन्ही विहिणी एका ओट्याशी उभ्या राहिल्या. माझ्या आईच्या आमटीत निपाणीकरांना मीठ कमी लागायचं आणि निपाणीचं तिखट आमच्या आईच्या डोळ्यांत जायचं. डोहाळजेवण पलंगावर झालं, आडव्या उत्सवमूर्तीला हिरवा चुडा भरून.

एका दुपारी आई भाजी निवडत होती, तेव्हा मी विचारलं, "मी पोटात असताना लाथा मारायचे?"

तिचा हात थांबला. "लई मारायचीस," ती म्हणाली. "सातव्यापर्यंत. मग थांबलीस. मी सासूला विचारलं, तर म्हणाल्या, मुली शांतच असतात." तिनं भाजी बाजूला ठेवली. मोरी चार पावलांवर होती, पण ती नळ सोडायला गेली नाही. तिथंच माझ्यासमोर रडली, आणि मीही रडले. आम्हा दोघींना ते फार पूर्वीच करायला हवं होतं.

नवव्याच्या सुरुवातीला सिझर झालं. मुलगी. आरोळी अशी ठोकली की बाहेर वर्धमान दचकून उभा राहिला आणि मग खाली बसला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बारगीर तपासायला आल्या. सगळं घर खोलीत दाटलं होतं. त्यांनी बाळाला पालथं केलं. पाठीवर एक फिकट, गुळगुळीत रेघ होती. डोक्यात पाणी वाढलेलं नव्हतं, मेंदूचा ओढला गेलेला भाग वर सरकला होता. "सध्या तरी डोक्याला नळी लागेल असं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "लघवीचं आताच सांगता येत नाही. ते कळायला वेळ लागेल."

मग त्यांनी बोटानं उजवा तळवा खाजवला. बाळानं पाय झटकन ओढून घेतला. आईनं हात जोडले.

डावा तळवा खाजवला. मांडी हलली, गुडघा किंचित वळला. पाऊल तसंच राहिलं. त्यांनी पुन्हा खाजवला, आणि पुन्हा. पाऊल लोंबतच राहिलं.

"याला आधार लागेल," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "चालेल ती. पण डाव्या पायाला कॅलिपर लागण्याची शक्यता धरून चला."

त्या गेल्या. आई एकदा माझ्या पायांकडं बघत होती, एकदा बाळाच्या, आणि मी बघते म्हटल्यावर भिंतीकडं. "एवढं सगळं सोसून..." तेजलची आई पुटपुटली. वर्धमान खिडकीकडं तोंड करून उभा होता. पुन्हा ती जुनी कुजबुज सुरू होणार, मला दिसत होतं, आणि या वेळी ती एका तीन दिवसांच्या मुलीभोवती.

तेजल बाळाचं डावं पाऊल बोटांत धरून बसली होती. दमलेली, ओठ सुकलेले. तिनं मान वर केली ती थेट माझ्याकडं.

"ताई, उजवा झाला. डाव्याचं काय?"

"डाव्याचं मला येतं की," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. "कॅलिपर कुठं टोचतो, पट्टा किती ओढायचा, जिना कसा चढायचा, पडायचं कसं आणि उठायचं कसं. डावा माझ्याकडं."

तेजल हसली. मिरजेला आल्यापासून पहिल्यांदा. तिनं बाळाला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"मग करा की सुरू," ती म्हणाली.